खराड्यांच्या कमानीची सावली

भाऊबीजेला मामा जेवायला आले तेव्हा मी माजघरात सूर्य मावळवत बसलो होतो. तिसऱ्यांदा. आधीचे दोन सूर्यास्त पुण्याच्या ऑफिसात नापास झाले होते. एक फार केशरी होता आणि दुसरा, आमच्या मॅडमच्या मते, रडका होता. दिवाळीची सुट्टी मिळाली होती, पण सूर्य सोबत न्यायच्या अटीवर.

मी तेव्हा व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. गेममधली घरं, डोंगर, माणसं, राक्षस दुसरे लोक बनवायचे. सगळं बनून झालं की ते अंधारात उभं असायचं आणि मग आम्हाला बोलवायचे. आम्ही त्यात उजेड सोडायचो. सूर्य किती वर, खिडकीतून ऊन किती आत, मशालीची झळाळी राक्षसाच्या कुठल्या गालावर. आणि सगळ्यात शेवटी अख्ख्या चित्रावरून एक हात फिरवायचा: थोडं धुकं, थोडी चकाकी, सावल्यांत किंचित निळं. नवरी मांडवात जायच्या आधी करवली तिचा पदर सारखा करते, तसं. आई गावात सांगायची, आमचा विशू कॉम्प्युटरमध्ये लाइट लावतो. त्यामुळे दिवाळीला मी घरी आलो की लोक मला माळा लावायला आणि फ्यूज बघायला बोलवायचे. मी जायचो. समजावून सांगण्यापेक्षा फ्यूज सोपा होता.

मामा म्हणजे शहाजीराव खराडे, आईचे थोरले भाऊ. आईचं सासर आणि माहेर दोन्ही माळसोंड्यातच, मध्ये फक्त एक ओढा. मामा सांजाई देवस्थानचे अध्यक्ष होते आणि झोपेतसुद्धा अध्यक्षच असायचे.

ओवाळून झाल्यावर ते पाटावरून उठले आणि माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले. स्क्रीनवर समुद्रकाठचा एक किल्ला होता आणि बुरुजाच्या खिडकीतून ऊन आत सांडत होतं. हे कुठलं गाव, असं त्यांनी विचारलं. कुठलंच नाही, असं मी म्हटलं. मग मला जरा फुशारकीची लहर आली. मी सांगितलं की आमच्या धंद्यात सगळा उजेड खोटा असतो. या खिडकीतून ऊन येतच नाहीये, दिवा भिंतीत लपवलाय. आणि एखादी भिंत उन्हाच्या आड आलीच, तर तिला फक्त सांगायचं की बाई, तू सावली पाडू नकोस. मग ती दिसते जागच्या जागी, पण ऊन तिच्यातून आरपार जातं.

"आणि भिंत ऐकते?" मामांनी विचारलं.

"ऐकते."

जेवताना मामा बासुंदीची वाटी समोर ठेवून नुसते बघत बसले. आईला वाटलं बासुंदी नासली.

मामांची अडचण गावाला ठाऊक होती. सांजाईचं देऊळ मावळतीकडे तोंड करून आहे. दिवाळीनंतरच्या काही संध्याकाळी सूर्य खाली उतरता उतरता सभामंडपातून थेट गाभाऱ्यात शिरतो, देवीच्या पायांना लागतो, गुडघ्यांपर्यंत चढतो आणि विझतो. त्याला गावात किरणोत्सव म्हणतात. पण गेली काही वर्षं फक्त उत्सवच होत होता, किरण येत नव्हतं. म्हातारी माणसं म्हणायची, देवी रुसली. पोरं म्हणायची, प्रदूषण. मामा म्हणायचे, तात्या लोहाराचा तिसरा मजला.

तात्या लोहार एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. देवळासमोर, रस्त्याच्या पलीकडे त्यांचं घर. मुलगी वैजयंता नवऱ्याला सोडून माघारी आली तेव्हा तात्यांनी तिच्यासाठी वर एक मजला चढवला. तिथंच ती राहायची आणि तिथंच ब्लाउज शिवायचा क्लास घ्यायची. मजला झाला त्याच सुमारास किरण बंद झालं आणि देवळासमोर सगळ्यात उंच तोच होता. उंच दिसेल त्याला पहिला दगड. मामांनी ग्रामसभेत विषय काढला, मग तहसीलला अर्ज, मग परत ग्रामसभा. शेवटी तात्या वैतागले. माझ्या मजल्यामुळं देवी अंधारात असल तर तसं गावाच्या डोळ्यांना दाखवा, मी स्वतः पहार घेऊन उतरवतो, असं ते सगळ्यांसमोर बोलून बसले.

आणि आता मामांना डोळ्यांना दाखवणारा भाचा सापडला होता. ठरलं असं की उत्सवाच्या दिवशी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर कॉम्प्युटरमधलं देऊळ दाखवायचं. मजला असताना काय होतं, मजला नसता तर काय झालं असतं. गावानं बघायचं आणि तात्यांनी पहार उचलायची. मी ऑफिसला ताप आल्याचं कळवलं. खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती. राक्षसांना उजेड देऊन मी कंटाळलो होतो. देवीचं गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलं होतं.

देवळाची आणि समोरच्या घराची मापं घेताना टेपचं दुसरं टोक धरायला वैजूताई स्वतः आली. तिला वाटत होतं, मापं निघाली की तिचा मजला सुटेल. मी वर तिच्या खोलीत गेलो तेव्हा आठ-दहा बायका मशीन थांबवून माझ्याकडे बघत होत्या, जणू मी पहारच घेऊन आलोय.

"नीट घे माप," वैजूताई म्हणाली. "ब्लाउजचं चुकलं तर उसवता येतं."

मी नीट घेतलं. मग घरी बसून देऊळ उभं केलं: मंडप, गाभारा, दीपमाळ, पायरीवर कायम झोपलेलं कुत्रं, समोर तात्यांचं घर, मागे डोंगर. कुठलं गाव आणि कुठली तारीख हे सांगितलं की सूर्य बरोबर त्या जागी आणून ठेवायची सोय आमच्या इंजिनात, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, असते. मी उत्सवाची तारीख टाकली आणि संध्याकाळ सुरू केली. ऊन मंडपात आलं, सरकत सरकत उंबऱ्यापाशी पोचलं आणि तिथंच विझलं. देवी अंधारात. अगदी गावात व्हायचं तसंच.

मग मी तिसरा मजला काढला. देवी अंधारातच. तात्यांचं अख्खं घर काढलं. अंधारच. मला राग आला, मी आळीच काढून टाकली. काही फरक नाही. कुत्रंसुद्धा काढून बघितलं.

उरली फक्त कमान.

देवळाच्या आवाराच्या तोंडाशी मामांनी सिमेंटची एक कमान बांधली होती. दोन खांब, त्यांच्यावर हत्तीच्या पाठीएवढी आडवी तुळई आणि तुळईवर उभी केलेली पत्र्याची हातभर अक्षरं: कै. गणपतराव खराडे प्रवेशद्वार. गणपतराव म्हणजे मामांचे आणि आईचे वडील, माझे आजोबा. मी कमान काढली आणि ऊन सरळ चालत जाऊन देवीच्या पायांवर पडलं. मग कुत्रं परत आणलं, आळी आणली, तात्यांचं घर तिसऱ्या मजल्यासकट आणून ठेवलं. ऊन पायांवरून हललं नाही. सूर्य मजल्याच्या बाजूनं उतरत होता. त्याच्या वाटेत होती फक्त ती तुळई, आणि तिच्या खालून ऊन यायची वेळ होईपर्यंत सूर्य डोंगराआड जात होता.

कमानही त्याच वर्षी बांधलेली. पण कमानीकडे बोट कोण दाखवणार? गावात बोट दाखवायचं खातं मामांकडेच होतं.

मी त्यांना घरी बोलावलं आणि सगळं दाखवलं. आधी ते म्हणाले, कॉम्प्युटर चुकतोय. मी पुन्हा दाखवलं. मग म्हणाले, सूर्य चुकतोय. मी पुन्हा दाखवलं. आई चहा घेऊन आली होती. तिनंही बघितलं आणि कपबश्या ठेवून दाराशी उभी राहिली. मामा खुर्चीत मागे रेलले.

"तिला सांग," ते म्हणाले.

"कुणाला?"

"कमानीला. सावली पाडू नको म्हणून सांग. परवा त्या भिंतीला सांगितलंस तसं."

"मामा, ते गेममध्ये. इथं तात्यांचा मजला जाईल."

"आणि इथं तुझ्या आजोबांचं नाव जाईल. लोहार मजला दुसरीकडं बांधील. बाप दुसरीकडं बांधता येतो का?"

आई नुसतं "दादा" म्हणाली.

मी थोडा वेळ विचार केला. नाही म्हटलं असतं तर मामांनी सांगलीहून दुसरा कुणी आणला असता आणि त्यानं विचारसुद्धा केला नसता. मी विचारलं, "मग कमान पडद्यावरून काढूनच टाकू? ते सोपं आहे."

"काढायची नाही. अण्णांचं नाव ठसठशीत दिसलं पाहिजे. ती चकाकी-बिकाकी काय असते, ती मार तिच्यावर."

त्यांनी सांगितलं ते मी केलं. इंजिनात प्रत्येक वस्तूपुढं एक छोटा चौकोन असतो: सावली पाडते की नाही. कमानीपुढची खूण मी काढली. अक्षरांवर चकाकी मारली. मग हातात दोन दिवस होते, तेव्हा बाकीच्या चित्रावरूनही जरा हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी वैजूताई काम बघायला आली. पडद्यावर तिचं घर दोन मजल्यांचं होतं आणि देवीच्या पायांवर ऊन होतं. ती बराच वेळ बघत राहिली.

"माझ्या मशिनी कुठं ठेवल्यास?" तिनं विचारलं.

"दुसऱ्या फाइलमध्ये."

"विशू, तू आमच्या अंगणात नागडा फिरायचास तेव्हापासून तुला बघतेय. असा नव्हतास."

ती दारापर्यंत गेल्यावर तिला विचारलं, शेजारच्या म्हाताऱ्या हौसाक्काचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का. झालं, दोन्ही डोळ्यांचं, आता ती दिवसा चांदण्या मोजते, असं वैजूताई तुटकपणे म्हणाली. मी म्हटलं, मग तिला उद्या पुढच्या सतरंजीवर बसव. वैजूताईनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी तिच्या जागी असतो तर मला कात्रीच फेकून मारली असती.

उत्सवाच्या दिवशी शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला. लोकांनी चपला बाहेर काढल्या, कारण पडद्यावर का होईना, देवी होती. एकनाथ गुरव, देवीचे पुजारी, सोवळं नेसून आले. मी देवळात फिरायला गेमचा रिमोट आणला होता. गाभाऱ्यात दुसरं कुणी शिरलेलं चालायचं नाही, म्हणून रिमोट तेच धरणार होते, आणि धरण्याआधी त्यांनी त्याच्यावर तीर्थ शिंपडलं. मी धावेपर्यंत पाणी आत गेलं होतं. त्यानंतर रिमोटवरून डावीकडे वळता येईना, फक्त उजवीकडे. मी घाबरलो, पण लोकांना ते फार आवडलं. कुठंही जायचं तरी आधी प्रदक्षिणा घडत होती. असा भाविक कॉम्प्युटर आम्ही बघितला नव्हता, असं दोघातिघांनी मला येऊन सांगितलं.

मग मामांचं भाषण झालं. मग पडद्यावर संध्याकाळ झाली. पहिल्यांदा तिसरा मजला होता तसा, आणि देवी अंधारात. हॉलमध्ये चुकचुकल्याचा आवाज झाला. मग मी बटण दाबलं, मजला गेला, आणि सोन्यासारखं ऊन मंडपातून आत गेलं, उंबरा ओलांडला आणि पायांवर चढलं. त्याच बटणानं कमानीची सावलीही जात होती, हे फक्त मामांना, आईला आणि मला ठाऊक होतं. बायकांनी हात जोडले. कुणीतरी खरंच पडद्यासमोर नारळ फोडला आणि त्याचं पाणी माझ्या वायरींवर गेलं.

तात्या लोहार उठून उभे राहिले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. जे दिसलं ते दिसलं, उद्या सकाळी कामाला लागतो, असं काहीसं ते बोलले. आवाज एवढा बारीक की ज्या माणसानं जन्मभर भरलेल्या एसटीत आरोळ्या ठोकल्या तो हाच का, असं वाटलं. वैजूताई त्यांच्या शेजारी बसली होती. ती पडद्याकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. ती सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होती. मामा टाळ्या वाजवायला हात वर नेत होते.

"विश्या," पुढून हौसाक्का म्हणाली. "त्या कुत्र्याला सावली हाय."

"आहे, आक्का."

"दीपमाळंला हाय. त्या झेंड्याच्या काठीला हाय. मग तुझ्या आज्याच्या कमानीला का न्हाई?"

सगळ्यांनी बघितलं. आणि एकदा बघितलं की ते दिसायचं थांबेना, कारण बाकी सगळ्याच्या सावल्या काजळानं ओढल्यासारख्या काळ्याभोर आणि लांबलचक होत्या. झेंड्याच्या काठीची तर अर्धं आवार ओलांडून गेली होती. कुत्र्याची सावली गाढवाएवढी होती. आणि या सगळ्यात ती कमान, अक्षरं लखलखत, आणि तिच्या पायाशी स्वच्छ, मोकळं, सोनेरी अंगण.

सावली कुणाला नसते, हे आमच्याकडे शाळेत शिकवावं लागत नाही.

कुणी तो शब्द उच्चारला नाही. पण मागच्या रांगेतून आवाज आला की त्या कमानीखाली आपली मोटरसायकल दोनदा घसरली होती, विनाकारण. दुसऱ्याला आठवलं, त्याच्या लग्नाची वरात तिथं आली आणि बँडवाल्याचा ढोल फाटला. एका बाईची शेळी तिथून जायचीच नाही. लांबून वळसा घालायची. मग एकनाथ गुरवांनी रिमोट खाली ठेवला आणि हळूच सांगितलं की गणपतरावांच्या दहाव्याला कावळा शिवायला दुपार झाली होती. कावळा शिवत नाही म्हणजे माणसाचं काहीतरी मागे राहिलंय, आणि काय राहिलंय ते आता समोर चकाकत होतं. कमानीवरच्या ज्या नावाला हात जोडल्याशिवाय गाव पुढं जात नव्हतं, त्याला लोक आता मनातल्या मनात लिंबू-मिरची बांधत होते.

मामा माझ्या कानाशी आले.

"सांग त्यांना, कॉम्प्युटर चुकला म्हणून."

"सांगतो," मी म्हटलं. "पण कॉम्प्युटर चुकला म्हटलं की किरणही चुकलं म्हणावं लागेल. मग मजला राहील."

मामांनी माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, गुरवांकडे बघितलं. एका बाजूला तिसरा मजला होता आणि दुसऱ्या बाजूला वडिलांचं भूत. मग त्यांना तिसरी वाट सुचली आणि ते ताठ उभे राहिले.

"कमानीला सावली आहे," ते मोठ्यानं म्हणाले. "खराड्यांच्या घरात कुणी भूत झालेलं नाही. चला देवळात, डोळ्यांनी दाखवतो."

अख्खं गाव उठलं. चपला घालताना लोकांनी एकमेकांच्या चपला घातल्या, एवढी घाई.

देवळात पोचलो तेव्हा सूर्य डोंगराच्या जरा वर होता. किरण येईनासं झाल्यापासून उत्सव फिका पडू नये म्हणून मामांनी मंडपात आणि आवारात मोठमोठे पांढरे फोकस लावले होते. ते दुपारपासूनच चालू होते. लोक कमानीपाशी आले आणि खाली बघू लागले. फोकसच्या उजेडात सगळं अंगण पांढरंफटक, आणि कमानीची सावली खरोखरच दिसत नव्हती. एका बाईनं पोराला उचललं आणि माघारी चालायला लागली.

"फोकस बंद करा," मामा ओरडले. "सगळे बंद करा."

फोकस गेले. क्षणभर काहीच दिसेना, मग डोळे निवले आणि अंगणात संध्याकाळचं खरं ऊन उमटलं. त्याच्यात कमानीची सावली पडली होती. लांब, रुंद, निःसंशय. लोकांनी श्वास सोडला. मामांना एवढा आनंद झाला की त्यांनी वाकून तिला हातच लावला.

"हा बघा उजवा खांब," ते बोटानं दाखवायला लागले. "हा डावा. आणि ही वरची तुळई, आमच्या अण्णांच्या नावासकट."

पण तुळईची सावली थांबून राहत नव्हती. सूर्य खाली येत होता आणि ती पुढं पुढं सरकत होती. मामाही वाकलेल्या अवस्थेत, बोट तिच्यावर ठेवून, तिच्याबरोबर निघाले. मंडपाच्या पायऱ्या चढले. गाव त्यांच्या मागून. मंडपाच्या फरशीवरून सावली चालली, तिच्यापुढं बोट चाललं, आणि मामा प्रत्येक खांबापाशी थांबून मागच्यांना विचारायचे, दिसतेय ना. लोक म्हणायचे, दिसतेय अध्यक्ष. उंबऱ्यापाशी सावली जरा अडखळल्यासारखी झाली आणि आत गेली. मामांनी उंबऱ्यावर गुडघा टेकला आणि हात लांब केला. सावली जितकी दूर जाते तितकी तिची कड विरत जाते, हे मी पोटापाण्यासाठी शिकलो होतो. देवीच्या पायांवर ती उभी राहिली तेव्हा अक्षरं पुसट झाली होती. ती वाचता आली नसती. पण काय लिहिलंय ते सगळ्यांना पाठ होतं.

"बघा," मामा म्हणाले. आणि मग त्यांनी स्वतः बघितलं.

बोट देवीच्या पायांकडे होतं. सावलीच्या दोन्ही अंगांना, खांबांच्या पलीकडे, भिंतीवर थोडंथोडं ऊन पडलं होतं. मधे, बरोबर पायांवर, गणपतराव खराडे.

पायरीवरचं कुत्रं उठलं आणि दुसऱ्या पायरीवर जाऊन झोपलं. मग मागून वैजूताईचा आवाज आला. ती वाट काढत पुढं आली नव्हती. तिथूनच बोलली.

"अध्यक्ष, सावली पडायला ऊन लागतं ना?"

मामांनी मान हलवली.

"मग ऊन इथवर आलंच होतं. माझा मजला कुठं आडवा आला?"

मामा तसेच गुडघ्यावर होते. एकनाथ गुरवांनी घसा साफ करून विचारलं की म्हणजे भूत नाही, असं धरायचं का. भूत नाही, मामा म्हणाले. तात्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि कुणाकडे न बघता घराकडे गेले. सूर्य गेला तेव्हा मंडपात एवढा काळोख झाला की कुणालातरी फोकस लावायची आठवण करून द्यावी लागली.

तुळई त्याच महिन्यात उतरवली. खांब राहिले. मामांनी स्वतः उभं राहून ते काम करून घेतलं, अध्यक्ष म्हणूनच, आणि ठरावात लिहिलं की भाविकांच्या सोयीसाठी. अक्षरं आईनं मागून आणली आणि गच्चीवर रचून ठेवली. मी तिला विचारलं, वाईट वाटलं का. ती म्हणाली, अण्णांना गर्दीत मधे उभं राहायला कधी आवडलं नाही, ही हौस दादाची.

संक्रांतीपर्यंत मामा माझ्याशी बोलले नाहीत. संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेलो. त्यांनी घेतला, खाल्ला आणि बराच वेळ चघळला.

"बाकीच्या सावल्या एवढ्या काळ्या कशाला केल्यास?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच म्हणालात ना चकाकी मार म्हणून. चकाकी वाढवली की सावली आपोआप काळी होते."

"खरं?"

"नाही."

मामा खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्यांनी डबा माझ्यापुढं सरकवला आणि अजून एक घे म्हणाले.

आता या सगळ्याला बरीच वर्षं झाली. मी तेव्हापासून पुष्कळ सूर्य मावळवले, त्यातले काही बक्षीसही मिळवून आले. पण त्याच्या पुढच्या दिवाळीनंतरची माळसोंड्याची संध्याकाळ अजून मला कुठल्या इंजिनात जमलेली नाही. फोकस बंद. मंडपात गाव दाटीवाटीनं बसलेलं. वैजूताई आणि तिचा अख्खा क्लास एका बाजूला. मामा मात्र सगळ्यात पुढं, गाभाऱ्याच्या दारासमोर, फेटा बांधून उभे. किरणाचं स्वागत अध्यक्षांनीच करायचं, असा त्यांचा हिशेब असावा.

ऊन खांबांमधून आलं. फरशीवरून चालत आलं. उंबऱ्याजवळ आलं आणि देवीच्या पायांवर एक फेटा उमटला.

गुरव हातातल्या निरांजनाकडे बघत राहिले. मग तात्या लोहार मागून, अगदी अदबीनं म्हणाले, "अध्यक्ष, जरा बसून घेता का? तुमची पडतीय."

मामांनी मागे वळून बघितलं. मग पुढं, पायांकडे बघितलं. धोतर सावरलं आणि सगळ्यांच्या बरोबरीनं खाली फरशीवर बसले.